चार पाकिटं, बारा मिनिटं

नूडल्सच्या पाकिटावर ‘फक्त तीन मिनिटांत तयार!’ असं छापणारा जो कोणी आहे, तो खोटारडा आहे. त्याने आयुष्यात कधी गॅस पेटवलेला नाही, कधी भांडं घासलेलं नाही, आणि बायको साडेसातला घरी येणार असताना पावणेसातला ओट्यापाशी उभं राहणं म्हणजे काय, हे तर त्याला स्वप्नातही दिसलेलं नाही. अशा माणसाने जनतेची जाहीर माफी मागितली पाहिजे. (हे भाषण मी त्या संध्याकाळी सात वाजून चार मिनिटांनी मनातल्या मनात तयार केलं. पुढे जे घडलं त्यामुळे आरोप मागे घ्यावे लागले. पण भाषण बरं जमलं होतं, म्हणून ठेवलं.)

मी गणिताचा शिक्षक आहे. सहावी-सातवीला शिकवतो. विचारांनी कट्टर समतावादी. कॉलेजात ‘चूल ही बेडी आहे’ या विषयावर बोलून मी वादविवादाचा करंडक जिंकला होता. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं, आणि या दीड वर्षात ती बेडी तोडण्यासाठी मी जे काही केलं, ते सगळं तोंडाने केलं. बायको गॅसपाशी असायची आणि मी दाराच्या चौकटीला टेकून घरकामाच्या समान वाटणीवर बोलत असायचो. मध्येच ती म्हणायची, “जरा सरक, फ्रिज उघडायचाय.” मी लगेच सरकायचो. (घरकामातला माझा वाटा तो हाच.)

बायको एका मोठ्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे. अपघातात हाताला इजा झालेल्या माणसांना ती पुन्हा बटण लावायला, पेन धरायला, कुलूप उघडायला शिकवते. तिला एक संधी आली. दुसऱ्या शहरात सहा महिन्यांचं प्रशिक्षण, फक्त हातांच्या उपचारांचं. विभागातून एकच नाव जाणार होतं आणि मोठ्या मॅडमनी हिचं नाव सुचवलं होतं. ‘हो’ की ‘नाही’, ते मंगळवारी रात्री आठपर्यंत कळवायचं होतं.

मंगळवारी सकाळी डब्याचं झाकण लावता लावता ती सहज म्हणाली, “मी नाही म्हणून कळवते.”

मी ताडकन उठलो. “का?”

“बाबांचं काय?”

बाबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून आमच्याकडे असतात. चाळीस वर्षं लिफ्टचे मेकॅनिक होते. त्यांची साखरेची गोळी संध्याकाळी सातला, आणि साडेसातच्या आत पोटात जेवण गेलंच पाहिजे. नाही गेलं तर त्यांना दरदरून घाम फुटतो आणि हात थरथरतात. एकदा तसं झालं होतं. तेव्हा मी शाळेच्या मैदानावर पाणीप्रश्नावर बोलत होतो. बायकोने सगळं निस्तरलं.

“मी आहे ना!” मी म्हणालो.

“तू आहेस, म्हणूनच.”

“हा अन्याय आहे. माणसाला संधी न देता नापास करायचं? आज रात्रीचा स्वयंपाक मी करतो. बाबा वेळेवर आणि पोटभर जेवले तर तू हो म्हणायचंस.”

तिने माझ्याकडे, एखादा पेशंट प्लॅस्टर स्वतःच कापायला निघाल्यावर बघावं, तसं बघितलं. “काय करशील?”

“व्हेज नूडल्स.” (हा एकच पदार्थ असा होता, की ज्याची कृती वेष्टनावर छापलेली असते.)

“बरं,” ती म्हणाली. “मी साडेसातला येते. जमलं नाही तर बाबांना दूध-बिस्किटं दे, पण उपाशी ठेवू नकोस.” आणि दारातून वळून, “खरंच जमलं, तर मला फार हवंय रे ते,” असं म्हणून गेली. दीड वर्षात तिने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. त्यामुळे हे वाक्य दिवसभर माझ्या मागे मागे वर्गात आलं.

शाळा सुटल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. नूडल्सची चार पाकिटं, गोठवलेल्या चिरलेल्या भाज्यांची एक पिशवी, सॉसची बाटली, आलं-लसणाच्या तयार पेस्टची पुडी. चिरणं नाही, सोलणं नाही, वाटणं नाही. हे सगळं आधीच करून ठेवणाऱ्या विज्ञानाचं मला कौतुक वाटलं.

“सर, वहिनी बाहेरगावी?” दुकानदाराने विचारलं.

“नाही. मी स्वयंपाक करणार आहे.”

त्याने पिशवीत आणखी तीन पाकिटं टाकली.

“अहो, ही कशाला? चार पुरेत. बाबांची दोन आणि आमची एकेक.”

“असू द्या.”

“मला लागणार नाहीत.”

“मग उद्या परत आणा. पण असू द्या, सर.” हे त्याने इतक्या कनवाळूपणे म्हटलं की मला राग आला. या समाजाचा पुरुषांवर काडीचा विश्वास नाही!

पावणेसातला कामाला लागलो. मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, चारही पाकिटं फोडून आत टाकली. पाकिटावर लिहिलं होतं : एक पाकीट, दोन कप पाणी, तीन मिनिटं. मी तर त्रैराशिक शिकवून पोट भरतो. एका पाकिटाला दोन कप, तर चार पाकिटांना आठ कप. एका पाकिटाला तीन मिनिटं, तर चार पाकिटांना बारा मिनिटं. मोबाइलवर गजर लावला आणि गालातल्या गालात हसलो. स्वयंपाक, स्वयंपाक म्हणून ज्याचा एवढा बाऊ करतात, ते शेवटी सातवीचं गणित होतं!

मधल्या वेळात भाज्या घेतल्या. पिशवीत त्या सुट्या असतील असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात वाटाणे, गाजर आणि मका यांनी एकजूट करून वीट बनवली होती. पिशवी ओट्यावर आपटली. काही झालं नाही. जास्त जोरात आपटली. पिशवी फाटली आणि अर्धी वीट फुटून वाटाणे चहूकडे गेले. फ्रिजखाली, डब्यांमागे, माझ्या खिशात.

“काय पडलं रे?” बाहेरच्या खोलीतून बाबा.

“वाटाणे!”

“किती?”

“अजून पडतायत!”

खाली पडलेल्यातला एक मोठा तुकडा धुऊन मी तसाच ओला तापल्या तेलात सोडला. त्यानंतर कढईत जो स्फोट झाला त्याचं वर्णन मी करू शकत नाही, कारण तेव्हा मी स्वयंपाकघरात नव्हतो. परत आलो तेव्हा गॅस बंद होता आणि बाबा शांतपणे बटणावरून हात काढत होते.

“आग लागली नाही,” ते म्हणाले. “लागली असती. पातेल्यात काय आहे?”

गजर वाजला. बारा मिनिटं पूर्ण. मी झाकण काढलं.

नूडल्स नव्हत्या. आठ कप पाणीही नव्हतं. त्या जागी एकसंध, फिकट पिवळं, हळूच श्वास घेतल्यासारखं वाटणारं काहीतरी होतं. मी त्यात झारा खुपसला. तो उभा राहिला. झारा उचलला, तर पातेलंही उचललं गेलं.

बाबांनी चष्मा सारखा केला आणि बराच वेळ ते बघत राहिले. “वजनाच्या मानाने ही दोरी टिकेल,” ते म्हणाले. मग घड्याळाकडे बघून, “मी मात्र गोळी घेतली बरं का. सातला.”

सात वाजून चार मिनिटं झाली होती. सुरुवातीला दिलेलं भाषण मी त्या क्षणी तयार केलं. आणि कृतिशील तरुण असल्यामुळे ते मनात न ठेवता पाकिटावरचा तक्रारीचा नंबर फिरवला. दूध-बिस्किटं आठवली होती, पण ती काढली की संपलंच! मॅडमना ‘नाही’ कळवलं जाणार होतं आणि एका माणसाचं हातांचं शिक्षण माझ्या हातांमुळे राहणार होतं.

आधी रेकॉर्ड केलेला गोड आवाज, मग हे बटण, मग ते बटण, आणि मग एक खरीखुरी बाई. “नमस्कार सर, काय तक्रार आहे?”

“तक्रार? फसवणूक आहे ही! तुमच्या पाकिटावर जे लिहिलंय तसंच्या तसं केलं आणि लगदा झाला. मी सुशिक्षित माणूस आहे. मी हे प्रकरण सोडणार नाही!”

“माफ करा सर. बॅच नंबर सांगता?”

सांगितला.

“किती मिनिटं शिजवलंत, सर?”

“बारा.”

“सर, पाकिटावर तीन लिहिलंय.”

“ते एका पाकिटाला! मी चार घेतली.”

ती अगदी सांभाळून म्हणाली, “सर… चारही एकाच पातेल्यात ना?”

“अर्थात एकाच…” असं म्हणता म्हणता माझी जीभ थांबली. मला आमच्या सातवीतली, दुसऱ्या बाकावरची एक मुलगी आठवली. मागच्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, “सर, एक शर्ट वाळायला एक तास लागतो, मग चार शर्ट एकाच वेळी दोरीवर टाकले तर चार तास लागतात का?” मी म्हणालो होतो, “मध्ये मध्ये बोलू नकोस. अभ्यासक्रमात नाही ते.”

“सर, आहात का?”

“आहे,” मी म्हणालो. आवाज खाली आला होता.

“आपण काय करता, सर?”

काही प्रश्नांना खोटं उत्तर द्यायची मुभा हवी. “शिक्षक आहे.”

“अरे वा! कुठला विषय?”

“…इतिहास.”

“गणित,” बाबा मागून मोठ्याने म्हणाले. त्यांना वाटलं मी विसरलो.

बाई हसली नाही. (ती हसली नाही, हे मी आयुष्यभर विसरणार नाही. फक्त तिने फोन काही क्षण बाजूला ठेवल्यासारखं वाटलं.) मग म्हणाली, “तक्रार लिहून घेते, सर. आणखी काही मदत?”

हा प्रश्न ती दिवसातून शंभरदा विचारत असेल आणि लोक ‘नाही’ म्हणून ठेवत असतील. मी मात्र एकदम भडाभडा सगळं सांगून टाकलं. बायकोचं प्रशिक्षण, आठची मुदत, बाबांची गोळी, फ्रिजखालचे वाटाणे. शेवटी म्हणालो, “ताई, मला काही येत नाही हो. काय करू?”

हे वाक्य मी याआधी कधीच उच्चारलं नव्हतं. परीक्षेत नाही, मुलाखतीत नाही, लग्नात तर नाहीच नाही.

“आणखी पाकिटं आहेत?” तिचा आवाजच बदलला. आता ती कंपनीतली नव्हती, कोणाची तरी मोठी बहीण होती.

“तीन आहेत!” दुकानदाराचे पाय धरावेसे वाटले.

“पाणी ठेवा. खरं तर आम्हाला फक्त तक्रार नोंदवायची असते, स्वयंपाक सांगायचा नसतो. पण माझे वडीलही साखरेची गोळी घेतात. चला, पटपट. पाणी उकळतंय तोवर आहेत त्या भाज्या सुट्या करा, हाताने. आपटू नका. पुसून घ्या, ओल्या नकोत.”

“आपटलं हे तुम्हाला कसं कळलं?”

“सगळे आपटतात, सर.”

पाणी उकळलं. तीन पाकिटं. “आता तीन मिनिटं,” ती म्हणाली. “तिन्हींना मिळून.”

“हो, हो. समजलं.”

नूडल्स चाळणीत उपसून गार पाण्याखाली धरल्या, वरून चमचाभर तेल लावलं. मग कढई. तेल घातलं.

“भाज्या टाकू?”

“थांबा. एक वाटाणा टाका आणि फोन कढईजवळ धरा.”

माझे दोन्ही हात गुंतले होते. बाबांनी फोन घेतला आणि कढईवर धरला.

“अजून नाही तापली,” पलीकडून आवाज. “नुसती कुजबुजतेय. चरचरली पाहिजे.”

बाबांचे डोळे एकदम मोठे झाले. “आवाजावरून सांगता तुम्ही?”

“हो काका. इथून दुसरं काय दिसणार?”

“अहो, आम्ही पण तेच करायचो! लिफ्टला कान लावायचा. बेअरिंग गेलं की वेगळा आवाज, दोरी सुकली की वेगळा. नवीन पोरं मशीन लावून बघत बसतात.”

“आता ऐका काका, टाका म्हणावं दुसरा वाटाणा.”

चर्रर्र.

“हा!” दोघंही एकदम म्हणाले.

त्यानंतर मी त्या घरातला हमाल होतो. हुकूम ते दोघं देत होते. मूठभर भाज्या, मग पेस्ट, “जळकट आवाज येतोय, गॅस कमी”, मग नूडल्स, मग सॉस. “किती सॉस?” मी विचारलं आणि घाबरून लगेच म्हणालो, “हे मात्र पटीत ना?” “हे पटीत, सर,” ती म्हणाली. “पण चमचा छोटा.” बाबांनी माझ्या हातातली पळी काढून घेतली आणि चमचा दिला.

सात पंचवीसला ताटली बाबांपुढे होती. बाबांनी पहिला घास घेतला, चावला, गिळला.

“काका?” पलीकडून.

“लोड बरोबर आहे,” बाबा म्हणाले आणि दुसरा घास घेतला.

मी फोनवर तीन-चारदा ‘थँक्यू ताई, थँक्यू’ म्हणालो. ती म्हणाली, “काही नाही हो, माझंही रोजचंच आहे. आता घरी जाऊन पुन्हा तेच करायचंय.” आणि फोन ठेवला. मी चमचा हातात धरून तसाच उभा राहिलो. वीस मिनिटांत एका परक्या बाईला चार वेळा थँक्यू. आणि जिने दीड वर्षं, दोन वेळचं, माझ्या भाषणांतून वाट काढत शिजवलं, तिला किती वेळा? मी खूप आठवून पाहिलं. एकदा मीठ पुढे केलं होतं तेव्हा म्हणालो होतो. पण ते बहुधा पाहुण्यांसमोर.

साडेसातला कुलपाचा आवाज आला. बायको आत आली. तिने आधी बाबांचा चेहरा बघितला, मग ताटली, मग घड्याळ. तिचे खांदे खाली आले तेव्हा मला कळलं की ती ते दिवसभर वर धरून होती.

“बाबा, जेवलात?”

“दुसरी वाढ चाललीय, सूनबाई.”

तिने माझ्या ताटलीतून एक घास घेतला. मग आणखी एक. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत डोकावलो. ती पहिल्या पातेल्यापाशी उभी होती. झारा अजून उभाच होता.

“हे काय आहे?”

“पहिला प्रयत्न.”

“आणि ते चांगलं कोणी केलं? खरं सांग.”

खरं सांगायचं म्हणजे ‘नाही’ ऐकायचं, हे मला माहीत होतं. पण करंडकाची शपथ, मी खोटं बोललो नाही. (इतिहासाचा अपवाद सोडून.) सगळं सांगितलं. बारा मिनिटांचं त्रैराशिक, तक्रार, ताई, कान लावलेला फोन. “म्हणजे मी नाहीच केलं,” मी शेवटी म्हणालो. “तिने केलं. मी फक्त हात पुरवले. तू नाही म्हणालीस तरी माझं काही म्हणणं नाही.”

ती हसत होती. हसता हसता ओट्याला टेकली. “तू तिला काय म्हणालास? परत म्हण.”

“कुठलं?”

“ते. मला काही येत नाही.”

“मला काही येत नाही हो, काय करू.”

“अरे वेड्या,” ती म्हणाली, “स्वयंपाक न येणाऱ्याकडे बाबांना ठेवून जायची मला भीती नव्हती रे. कोणालाच काही न विचारणाऱ्याकडे ठेवून जायची होती.”

भाषण न करता मी म्हणालो, “थँक्यू.”

“कशाबद्दल?”

“दीड वर्षाबद्दल.”

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग डोळे पुसल्यासारखं करून म्हणाली, “पातेलं पाण्यात भिजत घाल. सकाळपर्यंत सुटलं तर सुटलं.”

आठला दहा कमी असताना तिने मोठ्या मॅडमना फोन लावला. एका हातात ताटली होती, म्हणून स्पीकर सुरू केला. बाबा आणि मी दोन्ही बाजूंना बसलो.

“मॅडम, मी जातेय. माझं नाव पाठवा.”

“शाब्बास! मला वाटलंच नव्हतं तू हो म्हणशील. आणि सासऱ्यांचं? तू म्हणाली होतीस, घरी अडचण आहे.”

“आता नाही, मॅडम.” बायकोने माझ्याकडे बघितलं, आणि खरंच सांगतो, त्या बघण्यासाठी मी आणखी दहा पातेली जाळली असती. “आमच्याकडे हे आता स्वयंपाक करतात.”

माझी छाती फुगली. बाबांनीही मान डोलावली.

“हो का?” मॅडम मनापासून म्हणाल्या. “छान, छान. पुरुषांना काहीतरी छंद असावाच. बरं, आणि मग घरच्यांच्या जेवणाची काय सोय केलीस?”